नियम समजू द्या, मग मत मागा!

लोकसभा-विधानसभेची निवडणूक आली की आपल्या वस्त्या जाग्या होतात. कोण उभा, कोण पडला, कोणाची मते कोणी खाल्ली याचा हिशेब चहाच्या टपरीवर मांडला जातो. पण याच देशात आणखी काही निवडणुका होतात आणि त्यांची खबरबात वस्तीपर्यंत येतच नाही. डॉक्टरांची मेडिकल कौन्सिल, परिचारिकांची नर्सिंग कौन्सिल, फार्मासिस्टांची फार्मसी कौन्सिल आणि वकिलांची बार कौन्सिल. या सगळ्या संस्था कायद्याने निर्माण केल्या आहेत. फार्मसी अ‍ॅक्ट 1948 चा, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट 1961 चा, महाराष्ट्राचा मेडिकल कौन्सिलचा कायदा 1965 चा आणि परिचारिकांचा 1966 चा. कोणाला धंदा करता येईल, कोणाची नोंदणी रद्द होईल, तक्रार आली तर न्याय कोण करील, हे या संस्था ठरवतात. त्यांच्यावर माणसे निवडून जातात ती मतदानाने. आणि हे मतदान ज्या नियमांनी चालते ते नियम, ज्यांच्यासाठी केले त्यांनाच नीट कळत नाहीत!

आजचा विषय वकिलांच्या परिषदेचा आहे. कारण चळवळीतल्या शेकडो मुलामुलींनी गेल्या दोन-तीन पिढ्यांत काळा कोट अंगावर चढवला आहे, आणि अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यापासून घराच्या ताब्यापर्यंत आपला माणूस शेवटी वकिलाच्याच दारात उभा राहतो.

ही परिषद आपली कोण लागते?

काही वाचक म्हणतील, वकिलांची निवडणूक वकील बघून घेतील, आम्हाला काय त्याचे? तिथेच आपली चूक होते. महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव यांच्यासाठी मिळून एकच बार कौन्सिल आहे. वकिलाला सनद तीच देते. वकिलाविरुद्धच्या तक्रारीही तिच्याकडेच जातात. पक्षकाराचे पैसे घेऊन तारखेला हजर न राहणारा, समोरच्या पार्टीला मिळणारा, पीडितेवर तडजोडीसाठी दबाव आणणारा वकील असेल, तर त्याची चौकशी परिषदेची शिस्तपालन समिती करते. या समितीत तिघे असतात. त्यांतले दोघे परिषदेच्या सभासदांमधून येतात. म्हणजे परिषदेवर कोण बसले आहे, याचा संबंध खैरलांजीसारख्या प्रकरणात कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या सामान्य माणसाशीही आहे. केवळ वकिलांच्या मानापानाचा हा प्रश्न नाही.

मतदारांची संख्या दहा हजारांच्या वर असेल तर कायद्याप्रमाणे परिषदेवर पंचवीस सभासद निवडून द्यायचे असतात. महाराष्ट्रात ही संख्या केव्हाच ओलांडली आहे, म्हणून आपल्याकडे पंचवीस जागा. त्यांतले निम्म्याच्या आसपास सभासद किमान दहा वर्षे वकिलांच्या नोंदवहीत असलेले हवेत, अशी अट कायद्यातच आहे. नव्या वकिलांसाठी मात्र तशी अट नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी या कायद्यात एकही राखीव जागा नाही. स्त्रियांसाठीही नव्हती. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की, जिथे निवडणुकीची अधिसूचना निघालेली नाही अशा राज्य परिषदांमध्ये तीस टक्के प्रतिनिधित्व स्त्रियांना मिळाले पाहिजे. कायदा 1961 चा आणि स्त्रियांची आठवण 2025 ला! चौसष्ट वर्षे लागली. मग आपली आठवण व्हायला किती लागतील?

राखीव जागा नसताना आपला माणूस तिथे जायचा असेल तर एकच वाट उरते, ती म्हणजे मतपेटीची. आणि त्या वाटेवर नियमांच्या भाषेचे काटे पसरून ठेवले आहेत.

नियम कोण करते?

अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 15 प्रमाणे निवडणुकीचे नियम करण्याचा अधिकार राज्याच्या परिषदेलाच आहे. गुप्त मतदान कसे होईल, पोस्टाने मत कोणाला देता येईल, मतदारयादी कशी तयार होईल आणि दुरुस्त कशी होईल, निकाल कसा जाहीर होईल, हे सगळे परिषद ठरवते. भारताच्या बार कौन्सिलची मंजुरी मिळाल्याशिवाय हे नियम लागू होत नाहीत. मतदार होण्याच्या आणि उमेदवार होण्याच्या अटी पुन्हा भारताच्या परिषदेच्या हातात. याचा सरळ अर्थ असा की, ज्या नियमांनी जे निवडून आले, तेच ते नियम करणार आणि तेच ते बदलणार. ज्याला या नियमांचा फायदा झाला त्याला ते अवघड का वाटतील? त्याला ते बदलण्याची घाई का असेल?

मुदतीचेच उदाहरण घ्या. सभासदांची मुदत पाच वर्षांची. ती थोडी वाढवता येते, तीही सहा महिन्यांपर्यंत. त्या अवधीतही निवडणूक झाली नाही तर परिषदेच्या जागी विशेष समिती यावी, असे कलम 8-अ सांगते. महाराष्ट्र-गोवा परिषदेची निवडणूक 2018 मध्ये झाली. पाच वर्षे मोजायला गणितज्ञ लागत नाही. पण वकिलांच्या पदव्या आणि सनदांच्या पडताळणीसाठी 2015 साली जे नियम आले होते, त्यांत 2023 मध्ये दुरुस्ती करून देशभरच्या परिषदांच्या मुदती लांबवल्या गेल्या. शेवटी 2025 साली सर्वोच्च न्यायालयाला वेळापत्रक घालून देऊन टप्प्याटप्प्याने निवडणुका घ्यायला लावाव्या लागल्या. मूळ कायदा एक सांगतो, नियम दुसरे सांगतो, दुरुस्ती तिसरे सांगते, आणि तालुक्याच्या कोर्टात बसलेला वकील विचारतो, 'आपली निवडणूक नेमकी आहे कधी?' त्याला उत्तर एकाही कागदावर सापडत नाही. ही त्याची अडाणीपणाची खूण नाही. कागद लिहिणाऱ्याचा हा गुन्हा आहे.

'एकल संक्रमणीय' म्हणजे काय रे भाऊ?

बार कौन्सिलची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वानुसार 'एकल संक्रमणीय मतदान पद्धती'ने होते, असे मराठीत लिहिले जाते. आता सांगा, या दोन शब्दांवरून कोणाला काय कळले? इंग्रजी कळत नाही म्हणून मराठी वाचायला घेतले, तर ते मराठी इंग्रजीपेक्षा अवघड! वस्तुतः गोष्ट साधी आहे. मतदाराला मत एकच असते, पण ते सरकते. आपण उमेदवारांच्या नावासमोर 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे लिहितो. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला त्या मताची गरज उरली नाही, किंवा तो शर्यतीतून बाद झाला, तर ते मत दुसऱ्या पसंतीकडे सरकते. याला 'सरकते मत' म्हटले असते तर काय बिघडले असते?

याच निवडणुकीतल्या बाद मतपत्रिकेचा नियम नेहमीच्या कायदेशीर थाटात लिहिला तर तो असा होतो: 'ज्या मतपत्रिकेवर 1 हा अंक दर्शविण्यात आलेला नसेल, अथवा तो एकाहून अधिक उमेदवारांच्या नावांसमोर दर्शविण्यात आलेला असेल, अथवा तो कोणत्या उमेदवारास लागू आहे याविषयी संदिग्धता उत्पन्न होईल अशा रीतीने दर्शविण्यात आलेला असेल, अथवा त्याच उमेदवाराच्या नावासमोर सदर अंकासह अन्य अंक दर्शविण्यात आलेला असेल, अथवा जिच्यावर मतदाराची ओळख पटण्याजोगी कोणतीही खूण असेल, अशी मतपत्रिका अवैध समजण्यात येईल.' एक वाक्य, चार 'अथवा', आणि शेवटी क्रियापद येईपर्यंत वाचणाऱ्याचा दम सुटलेला!

हाच नियम माणसाच्या भाषेत लिहून पाहा:

तुमच्या पहिल्या पसंतीच्या उमेदवारासमोर 1 लिहा. 1 हा आकडा फक्त एकाच नावासमोर लिहा. त्या नावासमोर दुसरा आकडा लिहू नका. मग पसंतीप्रमाणे इतर नावांसमोर 2, 3, 4 असे लिहा. मतपत्रिकेवर सही, नाव किंवा खूण करू नका. 1 चुकला तर पूर्ण मत बाद होते. पुढचा एखादा आकडा चुकला तर त्याच्या आधीच्या पसंत्या धरल्या जातात, तिथून पुढच्या धरल्या जात नाहीत.

सात वाक्ये. कायद्याचा एकही मुद्दा सुटला नाही. उलट शेवटच्या वाक्यात जे सांगितले ते अवघड नियमात शोधायला तीन ठिकाणी पाने उलटावी लागतात. मग हे असे लिहायला कोणी हात धरले आहेत?

चार टक्क्यांचे गणित

आता भाषेच्या आड काय दडले आहे ते पाहू. या पद्धतीत निवडून यायला बहुमत लागत नाही, 'कोटा' लागतो. वैध मतांना जागांपेक्षा एकने मोठ्या संख्येने भागायचे आणि भागाकारात एक मिळवायचा. समजा, 25 जागा आहेत आणि 26 हजार वैध मते पडली. 26 हजारांना 26 ने भागले की हजार, त्यात एक मिळवला की 1,001. एवढी मते ज्याला मिळाली तो निवडून आला. म्हणजे शंभरातली चार मतेसुद्धा लागत नाहीत!

याचा अर्थ आपल्यासाठी काय? या काल्पनिक उदाहरणात 3,100 मतदारांनी ठरवून तीन उमेदवारांना पहिल्या तीन पसंत्या दिल्या, कोणी 1-2-3, कोणी 2-3-1, तर तिघेही निवडून येतात. जगातली कोणतीही धनशक्ती त्यांना रोखू शकत नाही. हेच 3,100 जण बारा उमेदवारांत वाटले गेले आणि प्रत्येकाने फक्त 1 लिहून मतपत्रिका पेटीत टाकली, तर बाराही पडू शकतात. कारण आपला उमेदवार बाद झाल्यावर त्या मतपत्रिकेला पुढे सरकायला जागाच नसते. ती तिथेच संपते. माणसे तीच आणि मतेही तीच, पण फळ शून्य!

निवडणुकीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात कानात सांगितले जाते, 'साहेब, फक्त एकच द्या, दोन-तीन दिले तर आपल्याच माणसाचे मत कमी होते.' हे साफ खोटे आहे. दुसरी पसंती मोजायला घेतात ती पहिल्या पसंतीचा निकाल लागल्यावरच. तो कोटा पूर्ण करून निवडून आला असेल तर त्याचे जादा मत पुढे सरकते. बाद झाला असेल तर पूर्ण मत पुढे सरकते. खालच्या पसंतीने वरच्याचे कधीही नुकसान होत नाही. एवढी एक ओळ मतपत्रिकेसोबतच्या सूचनेत मोठ्या अक्षरांत छापली, तर कानात सांगणाऱ्यांचे दुकान बंद होईल. ती छापली जात नाही, कारण ते दुकान कोणाचे आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

बाबासाहेबांनी हे पाहिले होते

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1946 साली संविधान सभेवर गेले ते बंगालमधून. काँग्रेसचे बळ असलेल्या मुंबईतून त्यांची वाट बंद होती. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधून ती उघडली. ती निवडणूक प्रांतिक विधिमंडळाच्या सभासदांनी याच सरकत्या मताच्या पद्धतीने केली होती. मूठभर मते ठरवून दिली तर काय होऊ शकते, याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे या देशाच्या संविधान सभेत बसलेले बाबासाहेब!

पण त्याच बाबासाहेबांनी 4 जानेवारी 1949 रोजी संविधान सभेत, सार्वत्रिक निवडणुकांसाठी ही पद्धत आणण्याच्या सूचनेला विरोध केला. त्यांचे एक कारण स्थिर सरकारचे होते. दुसरे कारण आपल्या विषयाचे आहे. ही पद्धत मतदाराला निदान आकडे ओळखता येतात असे गृहीत धरते, आणि त्या वेळच्या साक्षरतेकडे पाहता असे गृहीत धरणे चुकीचे होईल, असे त्यांनी सांगितले. म्हणजे पद्धत कितीही न्यायाची असो, मतदाराला ती वापरता येत नसेल तर तिच्यातला न्याय कागदावरच राहतो. नियम करणाऱ्याने आधी मतदाराकडे पाहावे, हा धडा घटनेच्या शिल्पकाराने घालून दिला.

आणि तीनच वर्षांनी त्यांनाच त्याचा अनुभव आला. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबई मतदारसंघ दोन जागांचा होता. मतदाराला दोन मते होती, पण ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांनाच द्यायची होती. दोन्ही मते एकाच उमेदवाराच्या पेटीत टाकली तर त्यांतले एक बाद. 1937 च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत याच मुंबईत सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत होती. नियम बदलला होता. बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. मोजणीत बाद ठरलेली मते होती सुमारे 74 हजार! मते वाया घालवण्याचा प्रचार मुद्दाम केला गेला, असा आरोप करत बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली. ती 74 हजार मते कोणाकोणाची होती हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण मतदानाचा नियम लोकांना समजणे किंवा न समजणे यावर केवढा इतिहास लटकलेला असतो, हे सांगायला तो आकडा पुरेसा आहे.

'वकिलांना सुद्धा समजत नाही?'

प्रस्थापित मंडळी इथे हसून विचारतील की, ज्यांना निवडणुकीचे नियम समजत नाहीत ते वकील कसले? त्यांनी जरा दिल्लीकडे पाहावे. सप्टेंबर 2025 मध्ये उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. तीही सरकत्या मताची. मतदार होते संसदेचे सभासद, या देशाचे कायदे करणारे. 767 खासदारांनी मत दिले आणि त्यांतली 15 मते बाद ठरली! जे कायदे करतात त्यांची मते बाद होतात, तर गडचिरोलीच्या किंवा किनवटच्या कोर्टात पहिल्यांदा मत देणाऱ्या वकिलाला कोणत्या तोंडाने नावे ठेवता?

शिवाय वकील म्हणजे सगळे एकाच घरातून आलेले नसतात. ज्याचा बाप वकील, आजा वकील, त्याला निवडणुकीचे डावपेच जेवणाच्या ताटावर शिकायला मिळतात. ज्याची आई धुणीभांडी करते आणि जो मराठी शाळेतून, रात्रीच्या लॉ कॉलेजातून पदवीपर्यंत पोहोचला, त्याच्यासाठी छापील नियम हाच एकमेव गुरू. तो गुरूच मुका असेल तर? अवघड भाषेने सगळ्यांचेच नुकसान होते असे नाही. ज्याच्या घरात सांगणारा आहे त्याचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते पहिल्या पिढीच्या माणसाचे. पोथी आपल्याला वाचू देत नव्हते ते काय वेगळ्या कारणाने? वाचता येऊ नये आणि वाचणाऱ्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकता येऊ नये, हीच ती जुनी रीत.

पैशाची भिंतही उभी आहे

भाषा हा एकच अडसर आहे असे आम्ही म्हणत नाही. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात सांगितले की, सनद देताना कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येणार नाही. कायद्यातली रक्कम किती? सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 125 रुपये. आणि राज्याराज्यांच्या परिषदा घेत होत्या पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत! ही आकारणी दुर्बल घटकांच्या समानतेच्या हक्कावर घाव घालते, असे न्यायालयाने म्हटले. कायद्यात 125 लिहिलेले असताना आपल्या किती पोरांनी कर्ज काढून हजारो भरले असतील! एका ओळीचा आकडा होता. तो साध्या भाषेत अर्जाच्या डोक्यावर छापलेला असता, तर ही लूट इतकी वर्षे चालली असती काय?

सनदेची फी उतरली, तोच 2025 साली राज्य परिषदांच्या उमेदवारी अर्जाची फी सव्वा लाख रुपये झाली. तीही परत न मिळणारी. तालुक्याच्या कोर्टात दिवसाला चार कागद टाइप करून घर चालवणाऱ्या वकिलाने हे पैसे आणायचे कुठून? मत द्यायचा हक्क सगळ्यांना आणि मत मागायचा हक्क फक्त सव्वा लाखवाल्यांना, ही कुठली लोकशाही? म्हणून नियम सोपे करताना फक्त शब्द बदलून चालणार नाही, ही भिंतही पाडावी लागेल.

आमच्या मागण्या

पहिली आडकाठी इथे अशी घातली जाईल की, संविधानाच्या अनुच्छेद 348 प्रमाणे संसदेच्या कायद्याखालच्या नियमांचा अधिकृत मजकूर इंग्रजीतच असतो. असू द्या. अधिकृत इंग्रजी मजकूर ठेवा, पण तोही साध्या इंग्रजीत लिहा. आणि त्यासोबत मराठी मजकूर द्या, गोव्यासाठी कोकणी द्या, दादरा-नगर हवेलीसाठी गुजराती द्या. अनुच्छेद 348 मराठीला मनाई करत नाही. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून सत्कार झाले, हारतुरे झाले. तो अभिजात दर्जा मतदाराच्या हातातल्या कागदावर कधी दिसणार?

दुसरी मागणी, नियमांचे तीन भाग करा. मतदारासाठी, उमेदवारासाठी आणि निवडणूक अधिकाऱ्यासाठी. मतदाराला मतमोजणीच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये वाचायला लावू नका. मतदाराचा भाग दोन पानांत मावला पाहिजे.

तिसरी, मतदारयादीत नाव आहे की नाही, नसेल तर कोणता अर्ज, कोणते कागद, कोणत्या तारखेपर्यंत, आणि नाकारला तर दाद कोणाकडे, याचा एक तक्ता करून प्रत्येक तालुका कोर्टाच्या बार रूममध्ये लावा. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींचा प्रश्न त्यात वेगळा घ्या.

चौथी, मतपत्रिकेचा नमुना चित्रासह द्या. बरोबर भरलेली एक, बाद झालेल्या चार, आणि प्रत्येकीखाली ती का बाद झाली त्याचे कारण. 1952 साली निरक्षर मतदारासाठी चिन्हे आणि वेगळ्या पेट्या करणाऱ्या देशाला हे अवघड नाही.

पाचवी, उमेदवारी अर्ज फेटाळला तर त्याचे कारण लेखी आणि त्याच दिवशी द्या. निकालाबरोबर बाद मतांचा आकडा कारणवार जाहीर करा. किती मते कोणत्या चुकीमुळे गेली हे कळल्याशिवाय कोणता नियम सुधारायचा ते कसे कळणार?

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची. नव्या नियमांचा मसुदा मंजुरीला पाठवण्याआधी तो नव्याने सनद घेतलेल्या, ग्रामीण भागातल्या वकिलांच्या हातात द्या. त्यांना वाचू द्या, नमुना मतपत्रिका भरू द्या. दहांतल्या तिघांनी ती चुकवली तर मसुदा नापास समजा, वकील नव्हे!

एक सावधगिरी

सोपे करण्याच्या नावाखाली हक्क कापले जाऊ शकतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. 'अधिकारी कारण लेखी देईल' आणि 'अधिकारी कारण लेखी देऊ शकेल' या दोन वाक्यांत फरक एका शब्दाचा आहे. पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात मर्जी. 'पंधरा दिवसांच्या आत' याच्या जागी 'लवकरात लवकर' आले की वाक्य सोपे झाल्यासारखे वाटते आणि मुदत मेलेली असते. म्हणून जुना नियम डाव्या बाजूला, नवा उजव्या बाजूला आणि अर्थात काय बदलले ते तिसऱ्या रकान्यात, असा मसुदा जाहीर झाला पाहिजे. हरकतींना पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. आपल्या वकील संघटनांनी हा तिसरा रकाना भिंग लावून वाचला पाहिजे.

आणि हे केवळ बार कौन्सिलपुरते नाही. सरकारी रुग्णालयांतून रात्रपाळी करणाऱ्या आपल्या परिचारिका भगिनींची कौन्सिल आहे, आपल्या डॉक्टरांची आहे, फार्मासिस्टांची आहे. प्रत्येक ठिकाणी नियमांचे पुस्तक आहे आणि ते कुलपात आहे. ज्याच्या त्याच्या संघटनेने आपापले पुस्तक मागवावे, वाचावे, आणि जे वाक्य दोनदा वाचून कळले नाही त्याच्याखाली रेघ मारून ते परिषदेकडे परत पाठवावे, 'हे आम्हाला कळेल असे लिहा' म्हणून.

बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो मराठीत. ज्यांनी जगातल्या नामांकित विद्यापीठांतून इंग्रजीत प्रबंध लिहिले, त्यांना अवघड भाषा येत नव्हती असे कोणी म्हणणार आहे काय? ज्याच्यासाठी लिहायचे त्याला ते कळले पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्यांनी आयुष्यभर पाळली. मत एक आणि मूल्य एक, हे त्यांचे मागणे होते. ज्या मतदाराला आपले मत कुठे जाते हेच कळत नाही, त्याच्या मताचे मूल्य एक कसे होईल? पुढच्या वेळी काळ्या कोटातले उमेदवार हात जोडून समोर आले की त्यांना पहिला प्रश्न हाच विचारा: निवडून आलात तर नियमांचे पुस्तक आमच्या भाषेत कधी देणार? ज्याच्याकडे तारखेसह उत्तर असेल, त्याच्या नावासमोर 1 लिहा. बाकीच्यांचे पुढचे आकडे नंतर पाहू.